रोजमेरी ‘ई ३९२’ कशी झाली: एका रानटी झुडपाच्या अर्काची छाननी

युरोपातल्या सॉसेजच्या, सूपच्या किंवा वेफर्सच्या पाकिटावर घटकांच्या यादीत पुष्कळदा ‘अँटिऑक्सिडंट: रोजमेरीचा अर्क’ असं छापलेलं असतं. काही पाकिटांवर नुसतंच ‘ई ३९२’. पदार्थ तोच, कायदा तोच. फक्त पहिली ओळ वाचून गिऱ्हाईक पाकीट टोपलीत टाकतं आणि दुसरी वाचून परत फळीवर ठेवतं.

भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, चुनखडीच्या टेकड्यांवर कुणी न लावता वाढणाऱ्या कितीतरी झुडपांचे अर्क प्रयोगशाळांनी ‘प्रभावी अँटिऑक्सिडंट’ म्हणून जाहीर केले आहेत. थाइम, ओरेगानो, सेज, मर्टल, सिस्टस, मॅस्टिक अशी यादी लांबत जाते, शोधनिबंधांचा तर ढीग आहे. पण युरोपीय संघाच्या खाद्य-ॲडिटिव्हच्या यादीत अँटिऑक्सिडंट म्हणून स्वतःचा क्रमांक मिळवून बसली ती यातली एकटी रोजमेरी. ती चरबी खवट होऊ देत नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर तिला तो क्रमांक मिळाला. माणसाचं तारुण्य टिकवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हा फरक इतक्या सहज विसरला जातो, की प्रकरण मुळापासून मांडणं बरं.

अडचण चरबीची

जवसाची चटणी उन्हाळ्यात पंधरा दिवसांत वास मारायला लागते आणि नीट कढवलेलं तूप महिनोन्महिने टिकतं. दोन्हींत स्निग्ध पदार्थच. फरक आहे तो मेदाम्लांच्या साखळीतल्या दुहेरी बंधांचा. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये अडकलेला हायड्रोजन सैल असतो. उष्णता, उजेड किंवा लोखंड-तांब्याचा अंश मिळाला की तो निसटतो आणि मागे मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, राहतो. हा मूलक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पेरॉक्सिल बनतो, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि ओढलेला रेणू पुढे तेच करतो. ओलेइक आम्लाच्या तुलनेत लिनोलेइक आम्ल साधारण दहा-बारा पट वेगानं बिघडतं, लिनोलेनिक वीस-पंचवीस पट. जवसात लिनोलेनिक भरपूर असतं. माशांच्या तेलातली मेदाम्लं त्याहून नाजूक. या साखळीत तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड पुढे फुटतात, त्यातून हेक्झॅनालसारखे अल्डिहाइड निघतात. नाकाला खवट म्हणून जे लागतं ते हे.

साखळी तोडायची तर मधल्या पेरॉक्सिलला कुणीतरी स्वतःचा हायड्रोजन सहज देऊन टाकला पाहिजे, आणि देणाऱ्यानं स्वतः नवी आग लावता कामा नये. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे काम बीएचए, बीएचटी आणि टीबीएचक्यू या कृत्रिम फिनॉलांनी, म्हणजे हायड्रोजन सहज सोडणाऱ्या रसायनांनी, केलं. आजही आपल्याकडच्या पाकीटबंद फरसाणाच्या किंवा तेलाच्या लेबलवर ‘अँटिऑक्सिडंट (आयएनएस ३१९)’ दिसतं, ते टीबीएचक्यूच. स्वस्त, बिनवासाचं, चोख काम करणारं. पण १९८०च्या दशकात जपानी संशोधकांना बीएचएचे मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात गाठी आढळल्या. तो कप्पा माणसाला नसतोच. तरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं बीएचएला ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ या गटात घातलं आणि बाजाराला ‘नैसर्गिक’ पर्यायाची घाई झाली.

डुकराच्या चरबीतली परीक्षा

पर्याय शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या हॉर्मेल इन्स्टिट्यूटमध्ये चिपॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्येच ३२ मसाले दळून डुकराच्या चरबीत घातले होते आणि ती चरबी किती दिवस टिकते ते पाहिलं होतं. संस्थेचं नाव मांसउद्योगातल्या घराण्याचं, त्यामुळे परीक्षेला चरबी निवडली यात नवल नाही. बत्तीसांत दोन मसाले बाकीच्यांपेक्षा स्पष्ट पुढे निघाले: रोजमेरी आणि सेज.

मला या प्रयोगाचं महत्त्व निकालापेक्षा त्याच्या रचनेत वाटतं. जिथे शेवटी वापरायचं, त्याच पदार्थात तपासणी झाली. पुढच्या काळात हा साधेपणा बराच हरवला, त्याकडे येऊच.

निकाल चांगला असूनही पंचवीसेक वर्षं त्यातून फारसा धंदा उभा राहिला नाही, कारण वास. रोजमेरीत सिनिओल, कापूर, बोर्निओल, व्हर्बेनोन ही उडनशील द्रव्यं असतात. चरबी टिकण्याइतका पाला घातला की केकलाही भाजलेल्या मटणाचा वास येणार. शिवाय हिरवा रंग. रटगर्स विद्यापीठातल्या स्टीफन चँग यांच्या गटानं १९७०च्या दशकात ही गाठ सोडवली. १९७६ मध्ये पेटंट आणि १९७७ मध्ये निबंध. आधी द्रावकानं अर्क काढायचा, सक्रिय कोळशानं रंग ओढून घ्यायचा, मग निर्वातात वाफेनं वास उडवून लावायचा. हातात उरतो तो फिकट, जवळजवळ बिनवासाचा अर्क, आणि टिकवण्याची ताकद मात्र शाबूत. म्हणजे रोजमेरीला रोजमेरी म्हणून ओळखू येण्याजोगं जे काही होतं ते सगळं काढून टाकल्यावर ती उद्योगाच्या कामाची झाली.

ताकद कशात होती

वास गेला तरी ताकद गेली नाही, कारण ताकद वासाच्या द्रव्यांत नव्हतीच. ती होती कार्नोसिक आम्लात. हा वीस कार्बनचा, न उडणारा, चरबीत विरघळणारा फिनॉल. त्याच्या एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी बसलेले असतात आणि तिथूनच हायड्रोजन सुटतो. आधी बरीच वर्षं श्रेय दिलं जायचं ते कार्नोसॉल या दुसऱ्या रेणूला. वेंकर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवलं, की जिवंत पानात प्रामुख्यानं कार्नोसिक आम्लच असतं. पाला वाळवताना आणि अर्क काढताना हवेशी गाठ पडून त्याचं कार्नोसॉल होतं. बरणीत जे सापडलं त्यातलं बरंचसं बरणीतच घडलं होतं.

उद्योगाच्या दृष्टीनं यात एक फायदा लपलेला होता. कार्नोसिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन ‘खर्च’ झालं की त्यातून निघणारं कार्नोसॉलही अँटिऑक्सिडंट असतं. तेही खर्च झालं की रोस्मॅनॉलसारखे पुढचे रेणू येतात आणि त्यांच्यातही थोडी धग शिल्लक असते. बीएचटीला अशी दुसरी फळी नसते. म्हणून कायद्यातली मर्यादा दोघांच्या बेरजेत मांडलेली आहे: कार्नोसिक आम्ल अधिक कार्नोसॉल.

कार्नोसिक आम्ल तुळशीच्या विशाल कुळात सरसकट सापडत नाही. ते मुख्यतः सेज आणि रोजमेरीच्या गोतावळ्यात आढळतं. लिनियसनं १७५३ मध्ये रोजमेरीला दिलेलं ‘रोस्मारिनस’ हे वेगळं घर मोडून २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेजच्या ‘साल्विया’ या प्रजातीत नेलं, तेव्हा आधार जनुकांचा होता. चिपॉल्टच्या चरबीनं मात्र या दोघींना ६५ वर्षं आधीच एका ओळीत बसवलं होतं.

चाचण्या एकमेकींशी भांडतात

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग हा.

वनस्पतीच्या अर्काची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ मोजायची सगळ्यात लोकप्रिय रीत म्हणजे डीपीपीएच. ब्लॉइस यांनी ती १९५८ मध्ये मांडली. डीपीपीएच हा स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक. मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळ्या शाईसारखा दिसतो. त्यात अर्काचे थेंब सोडायचे, अर्धा तास अंधारात ठेवायचं, मग ५१७ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं. अर्कात हायड्रोजन देणारं काही असेल तर जांभळा रंग उतरतो आणि क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत, फिकट पिवळं द्रावण उरतं. स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना सुखावणारं. आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पांत कुठल्याही पाल्यावर हीच चाचणी का होते ते उघड आहे. अडचण एवढीच, की या क्युव्हेटमध्ये तेल नाही, ऑक्सिजनची साखळी नाही, लोखंड नाही, वेळही नाही. फिनॉल असलेला जवळजवळ कुठलाही अर्क इथे ‘पास’ होतो.

रोजमेरीच्या पानात आणखी एक तगडा फिनॉल असतो, रोस्मारिनिक आम्ल. १९५८ मध्ये इटलीतल्या स्कारपाती आणि ओरिएंते यांनी तो याच पानातून वेगळा केला. आपल्या तुळशीतही तो असतो. त्याच्याकडे हायड्रॉक्सिलच्या दोन जोड्या, त्यामुळे जांभळा रंग उतरवण्यात तो वाकबगार. पण तो पाण्याकडे ओढ घेणारा आहे. पाण्या-अल्कोहोलात काढलेल्या अर्कात तो भरभरून येतो, आणि अर्काचा डीपीपीएचचा आकडा फुगतो. असा अर्क सॉसेजमध्ये किती उपयोगी पडेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या एडविन फ्रँकेल यांच्या गटानं १९९६ मध्ये नेमकं हेच तपासलं. रोजमेरीचा अर्क, कार्नोसिक आम्ल, कार्नोसॉल आणि रोस्मारिनिक आम्ल हे चौघं त्यांनी दोन ठिकाणी घातले: एकदा निव्वळ तेलात आणि एकदा पाण्यात तेलाचे थेंब असलेल्या इमल्शनमध्ये. निव्वळ तेलात अर्क, कार्नोसिक आम्ल आणि रोस्मारिनिक आम्ल पुढे, कार्नोसॉल मागे. इमल्शनमध्ये पट फिरला: कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल पुढे गेले, रोस्मारिनिक मागे पडलं. पाणी मिळालं की ते पाण्यात जाऊन बसतं, आणि ऑक्सिडेशन तर थेंबाच्या काठावर चाललेलं असतं. मेयोनेज, दूध, किसलेलं मांस हे सगळे इमल्शनचे भाऊबंद. दोन्ही ठिकाणी टिकलं ते फक्त कार्नोसिक आम्ल.

मग अर्क निवडायचा कशावर? जिथे पैसे गुंतलेले असतात तिथले लोक तेलालाच विचारतात. अर्क घातलेलं आणि न घातलेलं तेल ६० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवतात आणि दर काही दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य काढतात. नमुना तोलून ॲसेटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा, पोटॅशियम आयोडाइड घालून मिनिटभर हलवायचं, पाणी घालायचं आणि सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं. शेवटाकडे स्टार्च घातला की द्रावण निळं-काळं होतं, आणि मग ब्युरेटच्या एका थेंबाला तो निळा रंग एकदम जातो. तेल जितकं बिघडलेलं, तितके थेंब जास्त लागतात. अर्क कामाचा असेल तर ब्युरेटवरचा आकडा आठवडाभर खालीच राहतो. कंटाळवाणं काम आहे, आणि त्यावर शोधनिबंध भराभर निघत नाहीत. थाइमपासून सिस्टसपर्यंतच्या बऱ्याच अर्कांची गाडी क्युव्हेटपाशी थांबलेली आहे ती इथे.

कायद्याची बाजू

२०१० पूर्वी युरोपात रोजमेरीचा अर्क ‘स्वाद’ म्हणून विकला जायचा आणि काम अँटिऑक्सिडंटचं करायचा. वास काढून टाकलेल्या अर्काला स्वाद म्हणणं हे जरा जास्तच होतं. हे सोंग संपवायला उद्योगानं रीतसर अर्ज केला. युरोपीय खाद्यसुरक्षा प्राधिकरणानं २००८ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या पाच अर्कांवर मत दिलं. उंदरांवरच्या ९० दिवसांच्या अभ्यासांत यकृताचं वजन किंचित वाढलेलं दिसलं, आणि तेही अर्क थांबवल्यावर पूर्ववत झालं. पुनरुत्पादनावरचे आणि दीर्घकाळचे अभ्यास मात्र हाताशी नव्हते. म्हणून प्राधिकरणानं रोजच्या सेवनाची ठरावीक मर्यादा नेमायचं टाळलं आणि सुचवलेल्या वापरात सुरक्षेचं अंतर पुरेसं आहे, एवढंच म्हटलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये युरोपीय संघाचे दोन निर्देश निघाले. एकानं अर्क कसा असावा ते ठरवलं, दुसऱ्यानं कुठे किती घालावा. पहिल्यातली एक अट मला फार आवडते: कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल यांची बेरीज, ओळखीच्या वासाच्या द्रव्यांच्या किमान १५ पट हवी. वास येत असेल तर तो स्वाद. ॲडिटिव्ह म्हणवून घ्यायचं तर वास सोडून ये. जुनं सोंग एका गुणोत्तरानं बंद झालं. वनस्पती तेलांत, व्हर्जिन तेलं आणि ऑलिव्ह तेल वगळून, मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. माशांच्या तेलात आणि प्राण्यांच्या चरबीत ५०. द्रावकही मोजके: ॲसिटोन, इथेनॉल, हेक्झेन, नाहीतर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. हेक्झेनचा उरलेला अंश किलोला २५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. ‘नैसर्गिक’ लेबलमागे हेक्झेनची टाकी असू शकते हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसतं, आणि कंपनी ते सांगायला जात नाही.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. टनभर तेलाला ३० ग्रॅम सक्रिय द्रव्य. दहा टक्क्यांचा अर्क असेल तर ३०० ग्रॅम अर्क. वाळलेल्या पानात दोन टक्के कार्नोसिक आम्ल धरलं आणि सगळं निघालं असं मानलं तर दीड किलो पान. प्रत्यक्षात गळती असतेच, तेव्हा थोडं जास्त. टनभर तेलाला ओंजळी-दोन ओंजळींचा नसला तरी एका पिशवीत मावेल इतका पाला.

२०१६ मध्ये जागतिक पातळीवरच्या खाद्य-ॲडिटिव्ह तज्ज्ञ समितीनं तात्पुरती मर्यादा दिली: शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.३ मिलिग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला १८ मिलिग्रॅम. कमाल मर्यादेइतका अर्क घातलेल्या तेलाचे २० ग्रॅम पोटात गेले तर ०.६ मिलिग्रॅम जातं. भीतीचं कारण दिसत नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजूही बघायला हवी: एवढ्याशा मात्रेनं अंगाला काही फायदा होईल, असं म्हणायलाही काही आधार नाही.

तेलात चालतं ते रक्तात चालतं का

इथे दुकानदारी सुरू होते. एखाद्या पानाचा डीपीपीएच चांगला आला की दोन वाक्यांत ते ‘पेशींचं रक्षण’ करायला लागतं. हल्ली केसांना फवारायचं रोजमेरीचं पाणीही जोरात खपतं. तो वेगळाच विषय आहे, पण त्या जाहिरातींतही ‘अँटिऑक्सिडंटनं समृद्ध’ हे शब्द हमखास असतात. कार्नोसिक आम्ल पाण्यात जेमतेम उतरतं, हे कुणी विचारत नाही.

युरोपीय प्राधिकरणानं अशा दाव्यांचे अर्ज ढिगांनी नाकारले. म्हणणं साधं होतं: काचेच्या नळीतली क्षमता हा माणसातल्या परिणामाचा पुरावा नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तर पदार्थांच्या ‘ओरॅक’ आकड्यांची, म्हणजे नळीतच मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची, आपली सार्वजनिक यादीच २०१२ मध्ये काढून टाकली. ती यादी पूरक आहार विकणाऱ्या कंपन्या जाहिरातीसाठी वापरत होत्या.

त्याच वर्षी युरोपनं भूमध्य परिसरातल्याच एका झाडाचा दावा मान्य केला. ते झाड ऑलिव्ह. तेलातली पॉलिफिनॉल रक्तातल्या मेदाला ऑक्सिडेशनपासून जपायला मदत करतात असं लिहिता येतं, अट एवढीच की २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याच्या नात्यातली द्रव्यं किमान ५ मिलिग्रॅम असावीत. ऑलिव्हच्या बाजूनं काय होतं? पाच देशांतल्या २०० निरोगी पुरुषांना कमी, मध्यम आणि जास्त फिनॉल असलेलं तेल आळीपाळीनं, प्रत्येकी तीन आठवडे, रोज २५ मिलिलिटर देऊन केलेला युरोलिव्ह हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. फिनॉल वाढत गेले तसं रक्तातल्या एलडीएल या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं ऑक्सिडेशन कमी होत गेलं. माणसांवर, खाण्याच्या मात्रेत, मोजून. रोजमेरीच्या नावावर असा मान्य दावा नाही. दोन्ही झाडं एकाच उन्हात वाढलेली, दोन्हींत दमदार फिनॉल. एकीनं चरबीत सिद्ध केलं, दुसरीनं माणसात. एकीचा दाखला दुसरीच्या नावावर चालवून घेता येत नाही.

टेकडीवर

या अर्काचा मोठा कच्चा माल मोरोक्कोतून येतो. देशाच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात हल्फा गवताच्या माळावर रोजमेरी आपसूक वाढते. स्थानिक लोक तिला अझीर म्हणतात. ही जमीन बहुतांशी वनखात्याकडे, तोडणीचे हक्क सहकारी संस्था किंवा ठेकेदारांकडे, आणि विळा चालवणारे हात आसपासच्या गावांतले. तोडलेला पाला पूर्वापार आधी तेलासाठी ऊर्ध्वपातनाला जातो. मोरोक्को-ट्युनिशियाच्या तेलात सिनिओल जास्त, स्पेनच्या तेलात कापूर जास्त, म्हणून व्यापारातही हे दोन वेगळे प्रकार धरतात. कार्नोसिक आम्ल उडत नसल्यामुळे वाफ देऊन झालेल्या चोथ्यातही ते उरतं, थोडं वाफेत बदलून जातं एवढंच. ज्याला पूर्वी जळण समजत, तो चोथा आता अर्काच्या कारखान्याला हवा असतो.

पण कारखान्याला हवा तसा पाला टेकडी दर वर्षी देत नाही. रानटी झुडपांत कार्नोसिक आम्लाचं प्रमाण वाळलेल्या पानाच्या दीड-दोन टक्क्यांपासून चार टक्क्यांपर्यंत हेलकावतं. बार्सिलोना विद्यापीठातल्या मुन्ने-बोश आणि आलेग्रे यांनी दाखवलं, की हे आम्ल पानाच्या हरितलवकांत असतं आणि कडक उन्हात, पाण्याच्या ताणात झाड ते स्वतःसाठी खर्च करतं. भर उन्हाळ्यातल्या दुष्काळी पानात ते घटतं आणि त्याची ऑक्सिडाइज झालेली रूपं वाढतात. म्हणजे पावसानं ओढ दिलेल्या सालात उशिरा तोडलेला पाला वजनाला तेवढाच भरतो, वासालाही तसाच, आणि अर्काला हलका पडतो. तोडणाऱ्याला मजुरी सहसा वजनावर मिळते. कारखान्याचा भाव द्रावकातून निघालेल्या टक्क्यांवर ठरतो. आता मोठे खरेदीदार निवडक वाणांची लागवड करून घेऊ लागले आहेत, आणि ती झुडपं रानातल्यांपेक्षा पाणी जास्त पितात.